लिंकनशायर आणि दुसरं महायुद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंकनला फिरायला येणारे आपले लोक कॅथेड्रल बघतात, किल्ला बघतात, आणि मग गाडीतून जाताना शेताच्या कडेला मधेच उभी असलेली छोटी छोटी स्मारकं दिसली की विचारतात, इथं कुणाचं स्मारक, इथं तर नुसते बटाटे आणि गहू आहेत. तिथून पुढे प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक वेळा तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो, या काउंटीत शेती आणि युद्ध वेगळं काढताच येत नाही, बांधाच्या अलीकडे बीट आणि पलीकडे बॉम्बर असं वर्षानुवर्षं चाललं, आणि ते समजून घेतलं नाही तर इथलं काहीच समजत नाही.

लिंकनशायर नेमकं कुठे आहे आणि युद्धात त्याचं एवढं नाव का?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदीच्या मुखापासून खाली वॉश नावाच्या खाडीपर्यंत. मोठी काउंटी आहे पण शहरं थोडी, लिंकन, ग्रिम्सबी, बॉस्टन, ग्रँथम, बाकी सगळी गावं आणि शिवार. १९४५ पर्यंत इथे ४९ एअरफील्ड होते, म्हणून याला आजही 'बॉम्बर काउंटी' म्हणतात. जर्मनीवर रात्री बॉम्ब टाकायला जाणाऱ्या लँकेस्टर विमानांचा फार मोठा हिस्सा इथून उडायचा.

पण इथेच का? बाकी इंग्लंड नव्हतं का?

नकाशा बघा म्हणजे लगेच कळेल. समोर उत्तर समुद्र, समुद्र ओलांडला की हॉलंड आणि त्याच्या मागे जर्मनी. दुसरं म्हणजे जमीन. लिंकनच्या वर-खाली चुनखडीचा एक लांब उंचवटा उत्तर-दक्षिण गेलाय, वर सपाट, पाणी साचत नाही, झाडी कमी, वॅडिंग्टन आणि स्कॅम्प्टन हे विमानतळ त्याच्यावरच आहेत. पहिल्या महायुद्धापासूनच इथे विमानं उतरत होती, क्रॅनवेलचं ट्रेनिंग कॉलेज तर १९२० चं. त्यामुळे १९३० च्या दशकात हवाईदल वाढवायचं ठरलं तेव्हा जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. दक्षिणेकडचा फेन्सचा भाग मात्र ओला, काळ्या मातीचा, तिथे विमानतळ फार नाहीत, तिथे बटाटे पिकवले.

एवढ्या विमानतळांना जमीन कुठून आली? शेतकऱ्यांना विचारलं का?

विचारलं नाही, नोटीस आली. युद्धकाळातल्या कायद्याने सरकारला जमीन ताब्यात घेता यायची. एका बॉम्बर स्टेशनला साधारण पाचशे एकर लागायचे, तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, मुख्य पट्टी २००० यार्डांची आणि बाकी दोन १४०० यार्डांच्या, भोवती गोल रस्ता आणि त्या रस्त्याला लागून विमानं उभी करायचे काँक्रीटचे चौथरे, लांब लांब, म्हणजे एका बॉम्बने सगळी विमानं जाऊ नयेत. यात कुणाचं अर्धं शेत गेलं, कुणाची विहीर गेली, कुंपणं आणि झाडं तर सरसकट गेली. पण उरलेल्या तुकड्यात शेती चालूच ठेवायची होती कारण धान्यही हवंच होतं, त्यामुळे विमानाच्या पंखाखालपर्यंत नांगरट केलेली असायची आणि बीट काढणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून विमान उतरत असायचं.

आणि ज्या गावात दोन-तीनशे लोक होते तिथे एका वर्षात दोन-अडीच हजार तरुण मुलं-मुली येऊन राहिली. अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये, मधे एक कोळशाची शेगडी, हिवाळ्यात आतल्या भिंतींवर बर्फ जमायचं. चिखल तर इतका की लडफोर्ड मॅग्ना स्टेशनचं नावच तिथल्या लोकांनी 'मडफोर्ड' करून टाकलं.

लँकेस्टरमध्ये कोण कोण असायचं?

सात जण. पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, नेम धरून बॉम्ब टाकणारा बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, वरच्या बुरुजातला गनर आणि शेपटीतला गनर. शेपटीतला माणूस बाकी सगळ्यांपासून लांब, एकटा, काचेच्या खोक्यात मागे तोंड करून सात-आठ तास बसायचा आणि तिथे थंडी सगळ्यात वाईट. सरासरी वय २२ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंग संपवून पहिली नोकरी शोधतात ना, त्या वयाची मुलं.

क्रू कसा बनायचा ते मला फार भारी वाटतं. इतकं शिस्तीचं हवाईदल, पण इथे सगळ्यांना एका मोठ्या हँगरमध्ये सोडून द्यायचे आणि सांगायचे की आपापसात जमवा. मग कुणी नॅव्हिगेटर पायलटकडे जाऊन विचारायचा, तुला नॅव्हिगेटर पाहिजे का, आणि तासाभरात ज्यांच्याबरोबर मरायचं किंवा जगायचं ती माणसं ठरलेली असायची.

ऑस्ट्रेलियन होते, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, पोलिश, कॅरिबियन बेटांवरचे. वॅडिंग्टन आणि बिनब्रूकला ऑस्ट्रेलियन स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या होत्या, फाल्डिंगवर्थला पोलिश. लडफोर्ड मॅग्नाच्या १०१ स्क्वॉड्रनमध्ये आठवा माणूसही असायचा, जर्मन समजणारा, जो शत्रूच्या रेडिओवरचं बोलणं ऐकून त्यावर आवाज सोडून ते बुजवायचा.

यांना जबरदस्तीने पाठवायचे का?

नाही. सैन्यात भरती सक्तीची होती, पण विमानात बसून लढणारा प्रत्येक जण स्वतःहून आलेला होता. हे लोकांना खरं वाटत नाही. एकदा आला की मात्र ३० ऑपरेशनची, म्हणजे बॉम्ब टाकायच्या मोहिमांची, एक टूर पूर्ण करायची, मग साधारण सहा महिने ट्रेनिंग वगैरे देण्याचं काम आणि मग दुसरी टूर २० ची.

जिवंत राहायचा चान्स किती?

बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर शाखेत, युद्धभरात सुमारे १ लाख २५ हजार जण विमानातून लढले, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरात ४४. जखमी आणि कैदी झालेले वेगळे. एक रात्र सांगतो, ३०-३१ मार्च १९४४, जर्मनीतलं न्यूरेंबर्ग, ७९५ विमानं गेली आणि ९५ परत आली नाहीत, आकाशात चांदणं होतं आणि जर्मन नाइट फायटर्सना सगळं दिसत होतं. एका रात्रीत पाचशेच्या वर मुलं गेली. सकाळी मेसमधल्या टेबलांवर जागा रिकाम्या आणि संध्याकाळपर्यंत त्या खाटांवर नवीन मुलं सामान टाकून बसलेली, कारण गेलेल्या माणसाचं सामान लगेच गोळा करून घरी पाठवायला एक वेगळी टीमच असायची.

ऑपरेशनचा दिवस कसा जायचा?

सकाळी ग्रुपच्या (अनेक स्क्वॉड्रन मिळून एक ग्रुप) हेडक्वार्टरहून निरोप यायचा की आज जायचंय. लगेच बाहेरचे फोन बंद, गेट बंद, कुणी गावात जायचं नाही. कुठे जायचंय ते अजून कुणालाच माहीत नाही, पण जमिनीवर काम करणाऱ्या मेकॅनिकना टाकीत पेट्रोल किती भरायचं ते कळलेलं असायचं आणि त्यावरून ती मंडळी अंदाज बांधायची, पेट्रोल जास्त आणि बॉम्ब कमी म्हणजे लांबचा पल्ला, बर्लिनकडे.

दुपारी ब्रीफिंग. भिंतीवर नकाशा, त्याच्यावर पडदा, पडदा बाजूला झाला की लाल फितीने आखलेला रस्ता दिसायचा आणि खोलीभर एकच आवाज व्हायचा. मग जेवण, त्यात खरं अंडं आणि बेकन, जे बाहेरच्या लोकांना क्वचित मिळायचं. खिशातलं सगळं काढून ठेवायचं, तिकीट, पत्र, पकडले गेलो तर कुठून आलो हे कळू नये म्हणून. पॅराशूट घ्यायचं, ते घडी घालून भरायचं काम मुलींचं होतं. लॉरीतून विमानापर्यंत, आणि मग तिथे गवतावर बसून वाट बघायची, सगळे सांगतात की तीच वेळ सगळ्यात वाईट. काही जण विमानाच्या चाकावर लघवी करायचे, शकुन म्हणून. धावपट्टीच्या तोंडाशी एका गाडीतून हिरवा दिवा दाखवला की निघायचं आणि तिथे बाजूला ऑफिसातल्या मुली, स्वयंपाकी, मेकॅनिक उभे राहून हात करायचे, पावसात सुद्धा.

पहाटे परत येताना लांबून आधी लिंकन कॅथेड्रलचे मनोरे दिसायचे किंवा बॉस्टनच्या चर्चचा तो उंच टॉवर. ते दिसलं म्हणजे घर आलं. धुकं असेल तर तेही नाही, म्हणून फिस्कर्टन, मेदरिंगहॅम आणि लडफोर्ड मॅग्नाला धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पाइपातून पेट्रोल जाळून धुकं उठवायची सोय केली होती. उतरल्यावर चहा, त्यात रम, आणि मग टेबलावर अधिकाऱ्याला काय काय पाहिलं ते सांगायचं. कंट्रोल टॉवरमधल्या मुली फळ्यावर एकेका विमानाच्या पुढे उतरल्याची वेळ लिहायच्या, आणि काही ओळी रिकाम्या राहायच्या. त्यातल्या बऱ्याच जणी विशीतल्या होत्या आणि त्या रिकाम्या ओळीतल्या मुलाबरोबर आदल्या शनिवारी गावातल्या हॉलमध्ये नाचलेल्या होत्या.

कुणी घाबरलं, नको म्हणाला तर?

त्याच्या फाइलवर 'लॅक ऑफ मॉरल फायबर' म्हणजे मनोधैर्य नाही असा शेरा मारायचे, बिल्ला आणि रँक काढून घ्यायचे आणि स्टेशनवरून लगेच हलवायचे, बाकीच्यांवर परिणाम नको म्हणून. वीस-वीस वेळा जाऊन आलेल्या माणसालाही हे झालंय. मला यात अन्याय दिसतो आणि तो लपवायचं कारण नाही, आज याला आपण मानसिक आजार म्हणून डॉक्टरकडे नेलं असतं.

इथल्या शौर्याच्या गोष्टींपैकी एक सांगायची तर कुठली?

नॉर्मन जॅक्सन. फिटर-टर्नर होता, त्या कामामुळे त्याला सैन्यात न जायची मुभा होती तरी आला. मेदरिंगहॅमच्या १०६ स्क्वॉड्रनमध्ये फ्लाइट इंजिनिअर. त्याची ३० ऑपरेशन झाली होती, तो थांबू शकत होता, पण त्याच्या क्रूचं एक बाकी होतं म्हणून त्यांच्याबरोबर ३१ व्याला गेला. २६ एप्रिल १९४४, जर्मनीतलं श्वाइनफुर्ट. त्याच सुमाराला मुलगा झाल्याची बातमी आली होती.

बॉम्ब टाकून झाल्यावर जर्मन फायटरने गोळ्या घातल्या आणि उजव्या पंखात पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागली. जॅक्सनने आग विझवायचं नळकांडं कोटात खुपसलं, पॅराशूट आतच उघडून त्याच्या दोऱ्या आतल्या लोकांच्या हातात दिल्या आणि वरच्या झडपेतून बाहेर पडून पंखावर गेला. वीस हजार फुटांवर, ताशी दोनशे मैल वाऱ्यात. नळकांडं हातातून गेलं, हात-तोंड भाजलं, शेवटी तो पंखावरून खाली गेला, पॅराशूट अर्धं जळत होतं, तसाच जमिनीवर आदळला आणि घोटा मोडला. जर्मनांच्या ताब्यात दहा महिने हॉस्पिटलमध्ये होता. त्याने काय केलं हे युद्ध संपेपर्यंत इंग्लंडमध्ये कुणाला माहीतच नव्हतं, सुटून आलेल्या त्याच्या क्रूने सांगितलं तेव्हा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मेदरिंगहॅमला आता छोटं म्युझियम आहे, जरूर जा.

गावातल्या तरुणांना सैन्यात जावंच लागायचं का?

३ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर झालं त्याच दिवशी, १८ ते ४१ वयाच्या पुरुषांना भरतीचा कायदा झाला. डिसेंबर १९४१ मध्ये पुरुषांची मर्यादा ५१ पर्यंत नेली आणि २० ते ३० मधल्या अविवाहित बायकांनाही आणलं. पण शेतीतल्या कसबी माणसांना सूट होती, ट्रॅक्टरवाला, गुराखी, घोडे सांभाळणारा, कारण जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या आणि बाहेरून येणारं अन्न कमी झालं होतं. त्यामुळे घरोघरी विचित्र परिस्थिती, एक भाऊ आफ्रिकेत, एक भाऊ ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टरवाल्याला बाजारात कुणीतरी टोमणा मारणार की तू अजून इथेच. संध्याकाळी हाच भाऊ होमगार्डचा ड्रेस घालून पूल राखायला जायचा. होमगार्ड मे १९४० मध्ये सुरू झालं, सुरुवातीला बंदुका पुरत नव्हत्या.

डिसेंबर १९४३ पासून तर भरतीत आलेल्या दहा मुलांमागे एकाला चिठ्ठी काढून कोळशाच्या खाणीत पाठवायला लागले. त्यांना बेव्हिन बॉइज म्हणायचे. त्यांना युनिफॉर्म नाही, त्यामुळे रस्त्यात लोक पळपुटे समजायचे.

युद्धालाच विरोध करणारे लोक होते का?

होते, देशभरात सुमारे ६० हजारांनी तशी नोंद केली होती. त्यांना ट्रायब्युनलसमोर उभं राहून आपलं म्हणणं पटवून द्यावं लागायचं, बऱ्याच जणांना शेतीकाम लावून दिलं. लिंकनशायरमध्ये होल्टन कम बेकरिंग गावाजवळ अशा लोकांनी मिळून शेती केली, त्यातले पुष्कळ जण शहरातले, नांगर कधी न धरलेले. आणि त्यांच्या शेजारीच विकनबीचा बॉम्बर विमानतळ! शांततावादी माणूस रात्री अंथरुणात पडून वरून जाणारी लँकेस्टर ऐकतोय आणि वरचा मुलगा कदाचित परत येणार नाही हे दोघांनाही माहिती. या लोकांनी नाटक मंडळीही काढली आणि त्यातून उभं राहिलेलं छोटं थिएटर विकनबीला आजही आहे.

लिंकनशायर रेजिमेंट कुठे लढली?

सगळीकडे विखुरली. चौथी बटालियन १९४० मध्ये नॉर्वेत, दुसरी ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, सहावी ट्युनिशिया आणि इटलीत सालेर्नोला. आपल्याला जवळची म्हणजे पहिली बटालियन, ती युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानातच होती आणि पुढे ब्रह्मदेशात आराकानमध्ये भारतीय तुकड्यांच्या बरोबर लढली. फेब्रुवारी १९४४ मधल्या तिथल्याच लढाईसाठी मेजर चार्ल्स होई यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे ग्रिम्सबी-बॉस्टनची मुलं आराकानच्या जंगलात मलेरियाने तापत होती.

शेतात मग काम कोण करत होतं?

लँड गर्ल्स! विमेन्स लँड आर्मी जून १९३९ मध्ये परत सुरू झाली, १९४३ मध्ये देशात ८० हजारांवर मुली होत्या. हिरवं स्वेटर, तपकिरी ब्रीचेस, डोक्यावर हॅट. कारखान्यातल्या, दुकानातल्या, केस कापणाऱ्या मुली इथल्या फेन्समध्ये आल्या आणि नोव्हेंबरात बर्फाळ मातीतून बीट उपटायला लागल्या. बीटचं काम काय असतं ते सांगतो, दोन हातात दोन बीट धरून एकमेकांवर आपटायचे म्हणजे माती पडते, मग ओळीने ठेवायचे, मग वाकून एका हाताने उचलून कोयत्यासारख्या सुरीने पाला छाटायचा, दिवसभर, आणि पाला ओला असतो त्यामुळे बाही कोपरापर्यंत भिजलेली. मळणीच्या वेळी धूळ, शिवाय गंजीच्या तळातून उंदीर निघायचे म्हणून ब्रीचेसच्या खाली दोरी बांधायच्या.

शेतकरी सुरुवातीला नाराज होते, या पोरींना काय जमणार म्हणून, पण वर्षभरात हेच लोक कमिटीकडे अजून मुली मागायला लागले. कमिटी म्हणजे 'वॉर ॲग', प्रत्येक काउंटीत असायची, तिला अधिकार भयंकर होते, कुठल्या शेतात काय पेरायचं ते सांगायची, कुरणं नांगरायला लावायची, आणि नीट शेती करत नाही म्हणून जमीन काढूनही घ्यायची. स्पाल्डिंगच्या प्रसिद्ध ट्युलिपच्या शेतात बटाटे आले ते असेच. नंतर इटालियन आणि मग जर्मन युद्धकैदीही शेतात आले. काही इटालियन शेतकऱ्याच्याच घरात राहायचे, त्यांच्याशी गावाची ओळख झाली, काही जण युद्धानंतर परत गेलेच नाहीत.

१९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे केलं होतं, जूनमध्ये रात्री दहा-साडेदहापर्यंत उजेड, त्यामुळे सुगीत लोक तोपर्यंत शेतात. आणि त्याच उजेडात विमानं निघायची.

खाण्यापिण्याचे हाल होते का?

८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी, साखर रेशनवर आलं, नंतर मटण, चहा, चीज, अंडी, कपडे, साबण. एका माणसाला आठवड्याला चहा ५७ ग्रॅम फक्त! आपल्या एका घरात दोन दिवसात संपेल. पण खरं सांगायचं तर खेडं शहरापेक्षा बरं होतं, परसात कोंबड्या, भाजी, ससे, गावाने मिळून डुकरं पाळायचे क्लब, आणि शेतमजुरांना चीज जास्त मिळायचं कारण डबा घेऊन शेतात जायचे. पाव युद्ध संपेपर्यंत रेशनवर नव्हता, तो आला १९४६ मध्ये, आणि सगळं रेशन संपलं ४ जुलै १९५४ ला. इथे लोकांना कमी मिळालं पण सगळ्यांना मिळालं, आणि त्याच काळात १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, ब्रिटिश राजवटीतच. इथल्या रेशनचं कौतुक वाचताना हे मी विसरू शकत नाही.

या भागावर जर्मनांनी बॉम्ब टाकले का?

टाकले. सगळ्यात भयंकर म्हणजे १३-१४ जून १९४३ ची रात्र, ग्रिम्सबी आणि क्लीथॉर्प्स. 'बटरफ्लाय' नावाचे छोटे बॉम्ब हजारोंनी टाकले, डब्याएवढे, पंख असलेले, झाडात, गटारात, छपरावर, कौलांत अडकून बसायचे आणि कुणी हात लावला की फुटायचे. जास्त माणसं त्या रात्री नाही तर नंतर मेली, सकाळी बाहेर पडून कुतूहलाने उचलणारी, त्यात मुलंही. सरकारने बातमी दाबून ठेवली, जर्मनांना कळू नये की हे किती परिणामकारक आहे.

शिवाय जर्मन फायटर परत येणाऱ्या बॉम्बरच्या मागे लपून यायचे आणि उतरतानाच पाडायचे, ३-४ मार्च १९४५ च्या रात्री तर मोठ्या संख्येने आले. जर्मनी ओलांडून, समुद्र ओलांडून घराच्या दारात मरण.

डॅमबस्टर्स इथलेच ना?

हो, १६ मे १९४३ च्या रात्री स्कॅम्प्टनहून १९ लँकेस्टर, १३३ माणसं. इंजिनिअर बार्न्स वॉलिसचा पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब, पाण्यापासून फक्त ६० फुटांवरून टाकायचा. जर्मनीतली दोन धरणं फोडली, ८ विमानं परत आली नाहीत, ५३ जण मेले, ३ कैद झाले. म्होरक्या गाय गिब्सन तेव्हा २४ वर्षांचा आणि त्याचा जन्म सिमल्याचा. खाली पुरात सुमारे १३०० माणसं मेली, त्यात बरेचसे जबरदस्तीने कामाला आणलेले परदेशी लोक होते, हे गौरवाच्या गोष्टीत बऱ्याचदा राहून जातं.

मग जर्मन शहरांवर बॉम्ब टाकणं बरोबर होतं का?

हॅम्बुर्गमध्ये १९४३ च्या उन्हाळ्यात ३५ हजारांहून जास्त, ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५ हजार माणसं मेली, बहुतेक साधे नागरिक. ड्रेस्डेनची पहिली लाट ५ नंबर ग्रुपची, म्हणजे इथल्या विमानतळांवरची. मला विचाराल तर नागरी वस्त्या जाळायचं धोरण चूक होतं आणि ते ठरवणारे वर बसलेले होते. ज्यांनी विमान चालवलं त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे आयुष्यभर तोंड उघडलं नाही. त्यांचं स्मारक लंडनमध्ये उभं राहायला २०१२ उजाडलं. आणि हेही सांगायला हवं की याच लँकेस्टरनी एप्रिल-मे १९४५ मध्ये हॉलंडमधल्या उपाशी लोकांवर अन्नाची पोती टाकली, खालून जर्मन तोफा बघत होत्या पण उडवल्या नाहीत.

कुणी भारतीय होता का यांच्यात? मराठी?

शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर, ४५ ऑपरेशन, त्यातली १४ 'आर ५८६८' या लँकेस्टरमधून. हे विमान स्कॅम्प्टन आणि वॅडिंग्टनहून उडायचं, शंभराच्या वर मोहिमा करून टिकलं आणि आज लंडनला हेंडनच्या हवाईदल म्युझियममध्ये उभं आहे. लंडनला जाणाऱ्यांनी ते नक्की बघा, नॅव्हिगेटरची जागा पायलटच्या मागे पडद्याआड असायची, बाहेर काय चाललंय ते त्याला दिसायचंसुद्धा नाही, फक्त दिवा, नकाशा आणि पेन्सिल. सुखटणकर हे नाव आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

पहिल्या महायुद्धातही इथे काही घडलं होतं का?

रणगाडा इथला! लिंकनच्या विल्यम फॉस्टर कंपनीत, जिथे मळणीची आणि शेतीची यंत्रं बनायची, तिथे १९१५ मध्ये 'लिटल विली' बनला. आणि ग्रिम्सबीच्या मित्रांची एक अख्खी बटालियन, 'ग्रिम्सबी चम्स', १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरली आणि एका सकाळीत तिची दाणादाण उडाली.

युद्धानंतर एअरफील्डचं काय झालं?

बहुतेक परत शेतकऱ्यांकडे गेले. काँक्रीट फोडून रस्त्यांखाली गेलं, उरलेल्या पट्ट्यांवर आता कोंबड्यांच्या शेड आहेत, बीटचे ढीग लावतात, हँगरमध्ये धान्य ठेवतात. वॅडिंग्टन, कॉनिंग्स्बी चालू आहेत. स्कॅम्प्टन बंद झालं. इथे राहिलेले पोलिश लोक मात्र गेले नाहीत, त्यांच्या देशात परत जाण्यासारखं राहिलंच नव्हतं.

एका दिवसात काय काय बघता येईल?

सकाळी लिंकनच्या दक्षिणेला कॅनविक हिलवरचं इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर. लँकेस्टरच्या पंखांच्या रुंदीएवढा, ३१ मीटर उंच लोखंडी मनोरा, आणि भोवती भिंतींवर जवळपास ५८ हजार नावं, जमिनीवर काम करताना गेलेल्या बायका-पुरुषांचीही. मग ईस्ट कर्कबी. तो विमानतळ दोन शेतकरी भावांनी विकत घेतला, त्यांचा मोठा भाऊ न्यूरेंबर्गच्या त्याच रात्री गेला होता. त्यांनी एक लँकेस्टर आणून ठेवली, 'जस्ट जेन', तिची चारही इंजिनं चालू करतात आणि जमिनीवरून फिरवतात, आवाज छातीत बसतो. कॉनिंग्स्बीला उडणारी लँकेस्टर आहे. वूडहॉल स्पाला पेटवूड हॉटेल, तिथे ६१७ स्क्वॉड्रनचे, म्हणजे डॅमबस्टर्सचे, अधिकारी राहायचे, चहा तिथे घ्या. गाडी लागेल, बसचा भरवसा धरू नका आणि रविवारी तर नकोच.

एखाद्या माणसाचं नाव शोधायचं असेल तर?

बॉम्बर कमांडमधला असेल तर त्याच सेंटरच्या वेबसाइटवर मृतांचा डेटाबेस फुकट आहे, आडनाव टाका, विमानाचा नंबर, कुठून निघालं, बाकी क्रू कोण, कबर कुठे हे बहुतेक मिळतं. हवाईदलातल्या ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांवर लोकांची नावं लंडनच्या बाहेर रनीमीडच्या स्मारकावर आहेत. बाकी सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट, तिच्यात भारतीय सैनिकही सापडतात, पण भारतीय नावांचं स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे तीन-चार प्रकारे टाकून बघा, आणि गावाचं नाव, बापाचं नाव हाताशी असू द्या. स्क्वॉड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनला क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, तिथे जायच्या आधी वाचकाच्या कार्डाचं काय ते त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या.